अंधारखोली

नीलाक्षी, विचारलंस म्हणून सांगते,
पण लिहून घेऊ नकोस.
कागदावर उतरवलं की हात विसरतात.

काड गव्हाचं घे, यंदाचं, पिवळंधमक.
भिजून काळं पडलेलं फुकट मिळालं तरी नको.
मी हातोदच्या दूधवाल्याकडून मागवते. दोन पोती चढवताना तो विचारतो,
"काकी, तीसरे माले पे भैंस बाँध ली क्या?"

बोटाएवढे तुकडे. रात्रभर पाण्यात.
सकाळी गरम पाण्यात तासभर, उकळी येऊ द्यायची नाही :
पाण्यानं कुजबुजावं, ओरडू नये.
ह्यांचा काचेचा थर्मामीटर मी पहिल्याच दिवशी फोडला,
बिचारा जन्मभर वीस अंशांत राहिलेला,
मी थेट ऐंशीत बुडवला.

मग निथळू दे. मूठभर काड आवळून बघ.
थेंब पडला तर थांब.
तळवा नुसता ओलावला तर पुढे हो.

बियाणं म्हणजे गव्हाचेच दाणे, पांढरी लव चढलेले.
शेतकी कॉलेजातून आणते. काळा-हिरवा ठिपका दिसला तर परत कर.
हात साबणानं, कोपरापर्यंत.
पंखा बंद, गप्पा बंद.
काडाचा थर, कडेनं दाणे, पुन्हा थर,
पिंजारी गादी भरतो तसं दाबत दाबत.
तोंड बांध. दाभणानं वीसेक भोकं.

आणि मग अंधार.

ही मागची खोली ह्यांची.
रामबागेतल्या स्टुडिओचे फोटो इथे धुतले जायचे,
दारावर लाल दिवा लागला की
चहासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. चाळीस वर्षं.
मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला,
स्टुडिओ गेला, दिवा गेला,
भिंतीत हायपोचा वास तेवढा राहिला.
मी घासली, चुना दिला,
फोटो वाळत घालायच्या तारेखाली चार पिशव्या टांगल्या.
हे बघत होते. बोलले नाहीत.

चारांतल्या दोन हिरव्या पडल्या.
(हिरवा डाग दिसला की पिशवी घराबाहेर, न उघडता, लगेच.
तिथे माया करायची नाही.)
मी रोज पाचदा दार उघडत होते ना, बघायला.
मागून आवाज आला,
"कोणीतरी मध्येच दार उघडतं
आणि लग्नातली नवरी धुक्यात जाते."
एवढंच. मग स्टूल घेऊन ह्यांनी लाल दिवा पुन्हा लावला.

तेव्हापासून हेच जात. संध्याकाळी, एकदाच.
बाहेर आले की म्हणत, "येतंय."
दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.
अठराव्या दिवशी म्हणाले, "आत ये."

काड कुठे दिसेना. सगळं पांढरं, घट्ट, दुधाच्या सायीसारखं.
मी म्हटलं, तुमच्या कोऱ्या कागदावर चेहरा उमटायचा, तसं.
"उलट," हे म्हणाले,
"चेहरा होता. त्यावर कागद उमटलाय."

आता प्लास्टिक उतरव. खिडकी किलकिली,
पेपर वाचता येईल इतका उजेड.
दिवसातून तीनदा पाण्याचं धुकं, भिंतींवर, जमिनीवर,
कोवळ्या टाचण्यांवर थेट नाही.
चार-पाच दिवसांत गुच्छ तळहाताएवढे होतील.
कड वर वळायच्या आत काढ,
पीळ देऊन, बुडापासून, अख्खा गुच्छ.
उशीर केलास तर पांढरी भुकटी उडते,
ह्यांना तर रात्रभर खोकला.
आठवडाभरानं पुन्हा येतात, थोडे कमी. मग पुन्हा, अजून कमी.
उरलेलं काड गुलाबाला घाल.

इथे दिवाळी सरली की सुरू कर, शिवरात्रीला आवर.
इंदूरच्या मे महिन्याशी पैज लावू नकोस.
पहिल्यांदा दोनच पिशव्या. मी चार केल्या, तो लोभ.
अंधारखोली नसेल तर पलंगाखालची जागा चालते.

उद्या ये बघायला.
पण दारावर लाल दिवा असेल
तर चहाचं विचारायला हाक मारू नकोस.
आम्ही दोघं आत असू.